जाहिरात ठळक असावी, पण फसवी नसावी



दहावीच्या मराठीत उपयोजित लेखनात 'जाहिरात लेखन' हा घटक आहे. तो शिकवताना आम्ही शिक्षक एक वाक्य हमखास सांगतो, "जाहिरात आकर्षक हवी, वाचणाऱ्याचं लक्ष पटकन वेधून घेणारी हवी." मीही कित्येक वर्षं हेच सांगत आलो. पण एका निकालाच्या दिवसानंतर हे वाक्य एवढ्यावरच सोडून देणं मला चुकीचं वाटू लागलं.

झालं असं, की निकाल पाहून झाल्यावर एका विद्यार्थिनीला जुन्या प्रश्नपत्रिका हव्या होत्या. धाकट्या भावासाठी. वडिलांच्या मोबाईलवर तिनं शोधलं, एक पान उघडलं. पानावर मधोमध मोठं हिरवं बटण होतं, 'डाउनलोड'. तिनं ते दाबलं. मग नंबर मागितला, तो दिला. ओटीपी आला, तोही दिला. प्रश्नपत्रिका काही मिळाली नाही, पण वडिलांच्या मोबाईलमधून रोज थोडे थोडे पैसे कापले जाऊ लागले. ते बटण म्हणजे जाहिरात होती. खरी प्रश्नपत्रिका त्याच पानावर खाली बारीक अक्षरात होती. मी तिला म्हणालो, "अगं, नीट बघायचं नाही का?" ती म्हणाली, "सर, मी बघूनच दाबलं. तेच सगळ्यात ठळक दिसत होतं."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ठळक ते महत्त्वाचं, हे तिला शाळेनंच शिकवलं होतं. धड्यातले ठळक शब्द पाठ करा, असं आपणच सांगतो ना? म्हणून आज या घटकाबद्दल माझं मत मांडतो. जाहिरात दिसलीच पाहिजे, त्यात काही वावगं नाही. पण ती जाहिरात आहे, हेही तितकंच ठळक दिसलं पाहिजे.

रस्त्यावर काय दिसतं?

बारामतीहून इंदापूरला एसटीनं जाताना खिडकीतून बाहेर बघा. काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, निमगाव केतकी, सगळा रस्ता म्हणजे जाहिरात लेखनाचा वर्गच आहे. जुन्या भिंतींवर रंगानं लिहिलेल्या जाहिराती अजून कुठे कुठे दिसतात. सिमेंट, खत, बियाणं, पाण्याची मोटार. पेंटरला जागा थोडी आणि रंग महाग. त्यामुळे तो मोजकंच लिहायचा. वस्तूचं नाव, एखादं लक्षात राहणारं वाक्य आणि दुकान कुठे आहे ते. चालत्या गाडीतूनही वाचता यायचं.

मग फ्लेक्स आला. एका रात्रीत छापून मिळतो आणि खर्चही फार नाही. वाढदिवस, निवड, उद्घाटन, क्लासचा निकाल, सगळं फ्लेक्सवर. एकानं दहा फुटी लावला की शेजारचा पंधरा फुटी लावतो. चौकात वीस फ्लेक्स झाले की त्यातला एकही धड वाचला जात नाही. जत्रेत सगळेच पिपाण्या वाजवायला लागले तर कुणाची ऐकू येणार? उलट होतं काय, की गावाचं नाव आणि वळणाची खूण सांगणारी सरकारी पाटीच त्यामागे झाकली जाते.

आता याच रस्त्यावरची दुसरी गोष्ट बघा. आषाढात संत तुकाराम महाराजांची पालखी याच वाटेनं जाते. काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवाडीत गोल रिंगण होतं. स्वागताचे मोठमोठे फ्लेक्स तेव्हा रांगेनं लागतात. पण चालून थकलेल्या वारकऱ्याची नजर कशावर थांबते? 'पिण्याचे पाणी', 'मोफत औषधोपचार', 'मोबाईल चार्जिंग', असं पुठ्ठ्यावर खडूनं लिहिलेलं असलं तरी त्याला ते लांबून दिसतं. त्यावर फोटो नसतो, चमक नसते. पण ज्याला जे हवं आहे ते नेमक्या जागी, सोप्या शब्दांत लिहिलेलं असतं. जाहिरात ठळक करण्याचा यापेक्षा चांगला उपाय मला माहीत नाही.

आकार वाढवत नेला की काय होतं?

'अजून मोठी, अजून ठळक' या हव्यासाचं टोक आपण १३ मे २०२४ रोजी मुंबईत पाहिलं. घाटकोपरला वादळी वाऱ्यात एक प्रचंड होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं आणि १७ माणसं गेली. ते होर्डिंग सुमारे १२० फूट बाय १२० फूट होतं. मुंबई महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० ची. म्हणजे क्षेत्रफळ काढलंत तर नऊ पट! गणिताच्या तासाला हे उदाहरण जरूर सोडवून बघा. पुण्यातही ऑक्टोबर २०१८ मध्ये जुन्या बाजाराजवळ होर्डिंगचा सांगाडा काढताना तो रस्त्यावर पडला आणि चार जणांचा जीव गेला. सिग्नलला थांबलेल्या लोकांचा त्या जाहिरातीशी काय संबंध होता?

मोबाईलवरची जाहिरात

रस्त्यावरच्या फ्लेक्सला निदान एक बरं आहे, तो फ्लेक्स आहे हे लहान पोरालाही कळतं. मोबाईलवर मात्र जाहिरात वेश बदलून येते. कधी ती बातमीसारखी दिसते, कधी 'पुढे जा' या बटणासारखी, कधी तुमच्या फोनला व्हायरस लागलाय असं घाबरवते. आपण बोट ठेवलं, की कुणाला तरी पैसे मिळतात.

इथे थोडी माहिती करून घेऊ. इंटरनेटवरच्या लेखांशेजारी ज्या जाहिराती दिसतात, त्यातल्या पुष्कळशा गूगलच्या अ‍ॅडसेन्स या सेवेतून येतात. ही सेवा २००३ मध्ये सुरू झाली. जाहिरातदार गूगलला पैसे देतो आणि त्यातला हिस्सा लेख लिहिणाऱ्याला मिळतो. अनेक वर्षं हे पैसे मुख्यतः क्लिकवर मिळत. साहजिकच 'क्लिक कसे वाढवायचे' याचे सल्ले सुरू झाले. जाहिरातीला लेखासारखाच रंग द्या, ती बटणाला खेटून लावा, शेजारी बाण काढा. पण हे गूगलच्याच नियमांत बसत नाही. 'जाहिरातीवर क्लिक करा' असं वाचकाला सांगायचं नाही, बाण काढून लक्ष ओढायचं नाही, जाहिरात आणि मजकूर यांची सरमिसळ करायची नाही, असा नियम आहे. तो मोडला तर खातं बंद होऊ शकतं. शिवाय २०२४ पासून अ‍ॅडसेन्समध्ये पैसे मुख्यतः क्लिकऐवजी जाहिरात किती वेळा दिसली यावर दिले जातात. म्हणजे वाचकाला फसवून बोट ठेवायला लावण्यात आता तसा फायदाही उरला नाही. वाचक पुन्हा पुन्हा यावा, निवांत वाचत बसावा, यातच कमाई आहे.

आपल्या कायद्यानंही याची दखल घेतली आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. ऑनलाइन फसवणुकीच्या १३ युक्त्या त्यात नावानिशी दिल्या आहेत. 'शेवटचे दोनच नग शिल्लक' अशी खोटी घाई करणं, एकदा सुरू झालेली वर्गणी बंदच करू न देणं, आणि जाहिरातीला बातमीचा किंवा मजकुराचा वेश चढवणं, या तिन्ही युक्त्या त्या यादीत आहेत. माझ्या विद्यार्थिनीला यातल्या दोन एकाच वेळी भेटल्या! अशी तक्रार करायची तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

फ्लेक्सवरचा आपलाच फोटो

आता आपल्या घरची गोष्ट. निकाल लागला, की क्लासवाल्यांचे फ्लेक्स लागतात. एकाच मुलीचा फोटो कधी कधी दोन-तीन क्लासच्या फ्लेक्सवर दिसतो. एकाकडे ती वर्षभर शिकलेली असते, दुसऱ्याकडे फक्त सराव परीक्षा दिलेली असते. फ्लेक्सवर फरक कुठेच नसतो. आई-वडील ते फोटो बघून फी भरतात. ऊस गेल्यावर आलेल्या बिलातून किंवा डाळिंबाच्या पट्टीतून बाजूला काढलेले ते पैसे असतात.

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी कोचिंग क्लासच्या फसव्या जाहिरातींबद्दलही केंद्राच्या याच प्राधिकरणानं सूचना काढल्या. विद्यार्थ्याचं नाव, फोटो वापरायचा तर त्याची लेखी संमती हवी, तीही यश मिळाल्यानंतर घेतलेली. त्यानं कोणता अभ्यासक्रम केला, किती काळ केला, हेही स्पष्ट सांगायला हवं. फसव्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाख आणि पुन्हा केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये आहे. तेव्हा मुलांनो, फोटो द्यायच्या आधी विचारा, "सर, खाली काय लिहिणार?" हे विचारणं उद्धटपणा नाही.

मग छोट्या दुकानदारानं काय करायचं?

कुणी म्हणेल, सर, तुम्हाला पगार आहे. ज्याला धंदा करायचाय त्यानं ओरडायचं नाही तर काय करायचं? बरोबर आहे. बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही विकत नाही, असं आपल्याकडे म्हणतातच. पण माती विकणाऱ्याला पुढच्या आठवड्यात त्याच बाजारात बसायचं असतं, हे त्या म्हणीत राहून गेलंय. गिऱ्हाईक पिशवी घेऊन परत येतं आणि चार माणसांत विचारतं!

लक्ष वेधण्याचा दुसरा मार्ग आपल्या महाराष्ट्रानं दाखवलेला आहे. किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडानं जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता. मोठ्या अक्षरात 'नांगर घ्या' लिहून तो समज गेला नसता. त्यांनी नांगर वापरून दाखवला. पुढे १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. कारखान्याच्या मालाची माहिती देणारं हे पत्र पुढे मराठीतलं एक नावाजलेलं मासिक झालं. वाचायला मिळतंय म्हणून लोक हातात घेत आणि सोबत जाहिरातही वाचत.

आणि लांब कशाला जायचं? बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रावर जानेवारीत 'कृषिक' प्रदर्शन भरतं. तिथे बियाण्याचा नुसता फोटो नसतो, पीक प्रत्यक्ष शेतात उभं असतं. इंदापूरचा शेतकरी वाकून पान उलटून बघतो, कणीस हातात धरतो, मगच ठरवतो. त्या पिकाला दुसरी जाहिरात लागते का?

वर्गात एवढं बदलू या

शिक्षक मित्रांनो, जाहिरात लेखन तपासताना आपण आकर्षक मांडणी बघतो, घोषवाक्य बघतो, चौकट बघतो. त्यात आणखी तीन गोष्टी बघू या. जाहिरात कुणाची आहे आणि पत्ता काय, हे कळतं का? त्यातला दावा सिद्ध करता येईल का? 'अटी लागू' लिहिलं असेल तर त्या अटी वाचता येतात का? अट आणि दावा एकाच भाषेत आणि एकाच अक्षरात असावेत, असं फसव्या जाहिरातींबद्दलच्या २०२२ च्या सूचनांतही आहे. 'जगातील सर्वोत्तम', 'शंभर टक्के हमी' असं मुलं सहज लिहून जातात आणि आपण मार्क देतो. तिथे लाल पेनानं एवढंच लिहू या, 'कशावरून?'

विद्यार्थी मित्रांनो, मोबाईलवर काही डाउनलोड करण्याआधी मोठ्या बटणापाशी थांबा. आसपास बारीक अक्षरात 'जाहिरात' किंवा 'प्रायोजित' लिहिलंय का बघा. प्रश्नपत्रिकेसाठी ओटीपी कधीच लागत नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा.

त्या मुलीच्या वडिलांनी ती सेवा शेवटी बंद करून घेतली. त्यासाठी त्यांची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली. 'बंद करा' हा पर्याय त्या पानावर होता म्हणे, पण इतक्या फिक्या अक्षरात, की चष्मा लावूनही सापडेना.

सराव : तुमच्या गावातल्या एखाद्या खऱ्या दुकानाची किंवा शेतमालाची जाहिरात ५० ते ६० शब्दांत तयार करा. लिहून झाल्यावर ती त्या दुकानदाराला किंवा शेतकऱ्याला वाचून दाखवा आणि विचारा, "काका, यातलं सगळं खरं आहे ना?" ते जो शब्द खोडायला सांगतील, तो खोडून जाहिरात पुन्हा लिहा.