जुन्या वायरींचा लोभ

वस्तू टाकून देण्याची आमच्या घराण्यात रीत नाही. सुतळीचे तुकडे, किल्ली हरवलेली कुलुपे, झाकणाविना बरण्या, सारे माळ्यावर सुखाने नांदते. याच काटकसरीने गेल्या वर्षी ऐन दिवाळीच्या तोंडावर मला दगा दिला.

आमचा संगणक पुस्तकांच्या फळीवर मावणारा, ठेंगू. एके सकाळी तो मुका झाला. भाच्याने निदान केले, "मामा, पॉवर सप्लाय गेला." मी पिशवी घेऊन निघालो, तर त्याने हातात मोजपट्टी ठेवली. नेहमीचा एटीएक्स सप्लाय १५० मिलिमीटर रुंद आणि ८६ उंच. आमच्या डब्यात तो शिरणे शक्यच नव्हते. तिथे हवा एसएफएक्स : १२५ रुंद, ६३.५ उंच, १०० खोल. एसएफएक्स-एल म्हणून त्याचा भाऊ आहे, तो ३० मिलिमीटर जास्त खोल. तेवढ्यानेच वायरी दुमडतात आणि झाकण बसत नाही.

दुकानदार ८५० वॉटचा पुढे करीत होता. आमचा प्रोसेसर ६५ वॉटचा, ग्राफिक्स कार्ड ११५ चे. ४५० पुष्कळ झाले! खोक्यावर '८० प्लस' पाहून मला वाटले, सुरक्षिततेची हमी असावी. तसे नव्हे; वीज किती कमी वाया जाते, एवढेच ते सांगते.

भाचा वसतिगृहावर परतला आणि मी एकट्यानेच कंबर कसली. प्लग काढला, चालू करायचे बटण दाबून उरलीसुरली वीज जिरवली. जुना सप्लाय उघडून पाहण्याचा मोह आवरला, हे नशीब. आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही झटका देऊ शकतात. आणि मग माझे लक्ष जुन्या वायरींकडे गेले. डब्यात कशा छान वळवून बसवल्या होत्या! नव्या सप्लायला त्या अलगद बसल्याही. मग नव्या कशाला उलगडायच्या?

बटण दाबताच 'टक्' झाले, जळका वास आला. नव्या सप्लायने शॉर्ट ओळखून स्वतःला बंद केले, पण हार्ड डिस्क तोवर गेली होती.

भाचा फोनवर क्षणभर गप्पच झाला. वायरीचे डिस्ककडचे टोक सगळीकडे सारखे असते; सप्लायकडचे टोक मात्र प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने लावते, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असतो. खोबण जुळते, आतला क्रम जुळत नाही. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले.

त्या डिस्कवर दादांचा आवाज होता. जाण्यापूर्वीच्या उन्हाळ्यात ते रोज संध्याकाळी बोलत आणि मी ध्वनिमुद्रण करी. दुसरी प्रत काढीन काढीन म्हणत राहिलो. दुरुस्तीवाल्याने महिन्याभराने डिस्क परत दिली, मान हलवून. ताईच्या फोनमध्ये एकच भाग निघाला : १९६१ च्या पानशेतच्या पुरात त्यांनी आजीला छपरावर कसे चढवले, तो. बाकीचे गेले.

संगणक आता नव्या वायरींवर चालतो. जुन्या माळ्यावर ठेवायला सौ.ने साफ नकार दिला. यंदा आमचा आकाशकंदील त्यांनीच बांधला आहे.