शोधनिबंध मोजा, रुग्णही मोजा!
तोंडात वारंवार येणारे फोड, जननेंद्रियावरील जखमा आणि डोळ्यांना सूज. तक्रारी तीन, पण आजार एकच! इस्तंबूल विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ हुलुसी बेहचेत यांनी रुग्णांवर अनेक वर्षे लक्ष ठेवून १९३७मध्ये हे मांडले. आजाराला त्यांचेच नाव मिळाले. पुढे याच विद्यापीठाच्या जेराहपाशा वैद्यकीय शाखेत या रुग्णांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला. अझाथायोप्रिन या औषधाने त्यांची दृष्टी टिकवता येते, हे तेथील डॉक्टरांनी १९९०मध्ये दाखवून दिले. या कामाचे खरे बळ महागडी यंत्रे नव्हे, तर रुग्णांचा चिकाटीने केलेला पाठपुरावा आहे. शोधनिबंध मोजून विद्यापीठांची क्रमवारी लावणाऱ्यांनी कधीतरी हेही मोजावे : डोळे किती जणांचे वाचले?