मागच्या आसनावरची खुडबुड

संध्याकाळच्या मूक प्रार्थनेत तेरेजाच्या मागे बसणारी सिस्टर सारखी खुडबुड करायची. कधी हातातल्या रोझरीशी, कधी आणखी कशाशी. एकदा मागे वळून पाहिलं असतं तर आवाज थांबला असता. तेरेजा वळली नाही. अंगाला घाम फुटेपर्यंत तिने सोसलं, लक्ष दुसरीकडे न्यायचा प्रयत्न केला, तो फसला. मग तिने उलटंच केलं. सुरेख संगीत चालू आहे असं समजून तो आवाज मन लावून ऐकला आणि तोच प्रभू येशूला वाहिला.

ही गोष्ट फ्रान्समधल्या लिझ्यूच्या कार्मेल मठातली. संत तेरेजा १८८८ मध्ये, पंधराव्या वर्षी तिथे दाखल झाली आणि ३० सप्टेंबर १८९७ रोजी, चोविसाव्या वर्षी क्षयाने गेली. हे प्रसंग तिने लिहिले ते मरणाच्या अवघे काही महिने आधी. छाती पोखरलेली, श्रद्धेवरही काळोख दाटलेला, आणि ही मुलगी लिहिते आहे कशाबद्दल? तर कपडे धुताना समोरच्या सिस्टरच्या हातून मळकं पाणी आपल्या तोंडावर उडायचं, याबद्दल!

एका सिस्टरचं तर बोलणं, वागणं, सगळंच तिला खटकायचं. ती दिसली की तेरेजा मनातल्या मनात तिच्यासाठी प्रार्थना करी, तिची कामं करी, हसून बोले. अगदीच असह्य झालं की रणातून पळणाऱ्या शिपायासारखी पळ काढी. ही उपमा तिचीच. तिचं हे पळणं मला फार मोलाचं वाटतं. संतांना चीड येतच नाही, ही आपली समजूत ती मोडून काढते. पुढे त्या सिस्टरनेच आनंदाने विचारलं, माझ्यात तुला एवढं काय आवडतं म्हणून.

आम्हा वसईकर ख्रिस्ती लोकांना दुखण्यात, मरणात देव शोधायची सवय आहे. उपवासकाळात आम्ही क्रूसाची वाट भक्तीने करतो. पण रात्री अकराला वरच्या मजल्यावर ओढली जाणारी खुर्ची, विरार लोकलचं दार अडवून उभा असलेला माणूस, मिस्सा चालू असताना वाजणारा मोबाइल, यांत देवाचं काही काम असेल असं मनात येत नाही. लूकच्या शुभवर्तमानात येशू दररोज क्रूस उचलायला सांगतो. मोठं संकट काही दररोज येत नाही. दररोज येतात ती ही माणसं, आणि आपलं प्रेम खरं किती, ते तिथेच कळतं.

एक मात्र ठामपणे सांगायला हवं. सुनेला होणारी मारहाण, मजुराची बुडवलेली मजुरी या कटकटी नव्हेत, तो अन्याय आहे. तिथे 'सोस आणि देवाला अर्पण कर' असा उपदेश करणं पाप आहे. खुडबुड करणाऱ्या त्या सिस्टरच्या मनात कसलंच वाईट नव्हतं.

१९२५ मध्ये तेरेजाला संतपद मिळालं, १९९७ मध्ये चर्चच्या आचार्यांमध्ये तिची गणना झाली. १ ऑक्टोबरला तिचा सण. त्या दिवशी मिस्सा संपल्यावर, ज्या माणसाला चुकवायला तुम्ही एरवी बाजूच्या दाराने बाहेर पडता, त्याच्यासाठी आधी एक 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणा. मग तो ज्या दाराने जाईल, त्याच दाराने बाहेर पडा आणि त्याची विचारपूस करा.