मद्यशाळांची यात्रा आणि बजबज

अलीकडे आपल्या परप्रांतस्थ अधिकारिवर्गात रजा घालविण्याची एक नवी तऱ्हा निघाली आहे. स्कॉटलंडात स्पे नदीच्या काठाने एका व्हिस्कीच्या भट्टीपासून दुसरीपर्यंत हिंडायचे, ते न साधल्यास गोव्यात कुंकळ्ळी गाठायची, पिंपांचा वास घ्यायचा, चार घोट चाखायचे आणि परतल्यावर आपण 'वारसा' पाहून आलो असे सांगायचे. घोटांविषयी आमची तक्रार नाही. ती आहे त्या शब्दाविषयी.

स्कॉटलंडचे लोक निदान स्वतःचे भांडण दाखवितात. चोरून दारू गाळणाऱ्यांच्या मुलुखात, १८२३ च्या कायद्यानंतर, ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथने १८२४ मध्ये परवाना घेतला आणि शेजाऱ्यांच्या रोषामुळे त्यास पिस्तुले बाळगावी लागली. कुंकळ्ळीस जाणारे आमचे किती बंधू १५८३ च्या उठावाच्या स्मारकापुढे थांबतात?

कलकत्त्यात राहणाऱ्या आम्हांस तर इतके दूर जाण्याचेही कारण नाही. मद्याची कथाच हवी असेल तर ती बजबजला आहे. १७५६ च्या डिसेंबरात नबाबाच्या तेथील किल्ल्यात स्ट्रॅहन नावाचा एक झिंगलेला इंग्रज खलाशी एकटाच शिरला आणि त्याच्यामागून किल्ला पडला, असे सांगतात. उद्या कोणी तेथे वारसापथ आखलाच, तर पेल्यांवर हाच स्ट्रॅहन छापला जाईल!

त्याच घाटावर २९ सप्टेंबर १९१४ रोजी 'कोमागाता मारू'चे उतारू उतरविले गेले. व्हँकुव्हरने दोन महिने बंदरात अडकवून परत धाडलेली ही माणसे, बहुतेक पंजाबी शीख. त्यांस खास गाडीत बसवून पंजाबात पोचविण्याचा हुकूम होता. ते ग्रंथसाहेब घेऊन कलकत्त्याकडे पायी निघाले, मागे फिरविले गेले, आणि मग गोळीबार झाला. सुमारे वीस जण मेले. १९५२ साली नेहरूंनी तेथील स्मारकाचे उद्घाटन केले.

सुटीत हा शोक कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु बजबजचा हुकूम आकाशातून पडला नव्हता. त्याच महिन्याच्या आरंभी निघालेल्या वटहुकुमाचा तो कागदोपत्री बिनचूक अंमल होता, आणि तो करणाऱ्यांत हिंदी शिपाईही होते. पिंपापुढे अधिकाऱ्यास फक्त जिभेचा कस लावावा लागतो. येथे त्यास आपल्या सहीचा विचार करावा लागेल. आमच्या मंडळींचे पाय तिकडे वळत नाहीत ते याच कारणाने, असे आम्हांस वाटते.

तरी एक रविवार काढावा. सियालदहहून लोकलने जाऊन संध्याकाळी परतता येते, आणि घोट हवाच असेल त्यास तो घरी घेता येईल.