“तेथें आपलें काय आहे?”

गेल्या हिवाळ्यांत आम्ही अकोल्याहून नरनाळ्यास निघालों, तेव्हां एका सुविद्य स्नेह्यांनीं विचारिलें, “तेथें आपलें काय आहे?” हे गृहस्थ सिंहगड-रायगड अनेकदां चढून आलेले, परंतु स्वतःच्या जिल्ह्यांत, अकोटच्या उत्तरेस, सातपुड्याच्या माथ्यावर सुमारें ३००० फूट उंचीवर पसरलेला हा दुर्ग त्यांनीं पाहिला नव्हता. प्रश्न त्यांच्या एकट्याचा असता, तर आम्ही हंसून सोडून दिला असता. पण वऱ्हाडांतील पुष्कळ सुशिक्षित घरांत तो असाच विचारला जातो, म्हणून उत्तर देणें प्राप्त आहे.

प्रश्नाचा मथितार्थ उघड आहे. ज्या गडाशीं शिवछत्रपतींचें नांव निगडित नाहीं, तो गड आपला नव्हे! आतां नरनाळ्याचें महाकाली द्वार पाहा. तें १४८७ सालीं, बहमनी अंमलांत, फतहउल्ला इमादुल्मुल्कानें उभारिलें. फिरिस्ता सांगतो कीं, हा पुरुष मूळचा विजयनगरच्या मुलुखांतील कानडी हिंदू. लहानपणीं लढाईंत सांपडला, मुसलमान झाला, आणि १४९० त वऱ्हाडचा स्वतंत्र सुलतान बनला. त्या द्वारावर कमळें आहेत, अरबी लिपींतले लेख आहेत, आणि लोकांच्या तोंडीं नांव मात्र महाकालीचें! यांतलें आपलें किती व परकें किती, हें आमच्या स्नेह्यांनीं वेगळें करून दाखवावें.

सरहद्दीच्या किल्ल्याचें असेंच असतें. बहमनी अहमदशहानें १४२५ च्या सुमारास गाविलगड बांधिला व नरनाळा दुरुस्त केला, तो दक्षिणेच्या उत्तर सीमेवर पहारा राहावा म्हणून. पुढें मोगल आले, मग नागपूरकर भोसले आले. आणि २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं याच डोंगराखालच्या मैदानांत, अडगांवास, वेलस्लीनें भोसल्यांचा व शिंद्यांचा पराभव केला. १५ डिसेंबरास गाविलगड पडला. दोनच दिवसांनीं देवगांवचा तह होऊन वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख गेला, हे दोन गड व त्यांखालचे कांहीं परगणे तेवढे भोसल्यांस राहिले. म्हणजे स्नेह्यांच्या कसोटीनेंही येथें ‘आपलें’ आहेच. पण तें पराभवाचें आहे. आम्हांस विजयाचे गड हवेत. जेथें आपण हरलों, तेथें पाऊल टाकावयास आम्ही राजी नाहीं.

आणि जें आपलें मानिलें नाहीं, त्याची किती पर्वा करावी? कोरीव दगडांवर खिळ्यानें ओरखडलेलीं नांवें आम्हीं वाचलीं. तीं निरक्षर गुराख्यांचीं खास नव्हत! पुरातत्त्व खात्याचें संरक्षण आहे, वन खात्याचा पहारा आहे. पण कायदा दगड राखील, आस्था कोठून आणील?

हा दोष आम्ही दुसऱ्यांच्या माथीं मारून मोकळे होत नाहीं. पंचवीस वर्षें आम्हीं विद्यार्थ्यांस वेलस्लीच्या मोहिमा इंग्रजी ग्रंथांवरून शिकविल्या. तें रणांगण घरापासून एका सकाळच्या वाटेवर आहे, हें एकदांही दाखविलें नाहीं.

तेव्हां येत्या हिवाळ्यांत वाचकांनीं मुलाबाळांसह शहानूरच्या वाटेनें वर जावें. डबा अवश्य न्यावा, पण आधीं इतिहास वाचून जावा, आणि द्वाराखालीं उभें राहून तो मुलांस सांगावा. इतकें करून परत आल्यावरही ज्यास “तेथें आपलें काय आहे?” असें विचारावेंसें वाटेल, त्याच्याशीं वाद घालण्यास आम्ही सदैव सिद्ध आहों.