भात घरात आले, आता तीन दिवस पणजीला



गेल्या वर्षभरात आपण गाव सोडून कुठे कुठे गेलात, ते जरा बोटांवर मोजा. पाहुण्यांचे लग्न, कुणाचे दिवसकार्य, सिव्हिल हॉस्पिटल, कोर्टाची तारीख, तालुक्याला सातबारा. बहुतेकांची यादी इथेच संपते. काम काही नव्हते, चार मित्र मिळून नुसते पाहायला गेलो, असे सांगणारा बागायतदार क्वचितच भेटतो. बायामाणसांचे तर विचारूच नका.

मुंबई-पुण्याची नोकरदार मंडळी हल्ली मित्रांची टोळी करून युरोपात पोर्तुगालच्या लिस्बन शहरी तीन-चार दिवस उन्हात फिरून येतात. नदीकाठचे शहर, चढउताराच्या गल्ल्या, रंगवलेली कौलारू घरे, जेवायला मासळी आणि पाव. त्याला विमान लागते, व्हिसा लागतो आणि खिसाही मोठा लागतो. आपल्याला त्याच घराण्यातले शहर रत्नागिरीहून एका दुपारच्या अंतरावर आहे. मांडवी एक्स्प्रेसने निघालात की संध्याकाळी करमळीला उतरता. तिथून जुने गोवे जवळच, आणि पणजी बसने थोडी पुढे. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक वेगळे असते, एवढे तिकीट काढताना लक्षात असू द्या.

जायचे केव्हा? भात झोडून घरात आले आणि आंब्याची पालवीवरची पहिली फवारणी उरकली, की मोहोर फुटेपर्यंत थोडी उसंत असते. तेवढीच आपली. जुन्या गोव्यात २४ नोव्हेंबरपासून नवेना आणि ३ डिसेंबरला सेंट झेवियरचे फेस्त असते. गर्दी नको असेल तर त्याआधी जाऊन या.

पणजीत सांतिनेजपासून बाजारापर्यंत सगळे पायी होते. चर्चसमोरच्या चौकात पालिकेची बाग आहे, तिला गार्सिया द ओर्त या वैद्याचे नाव आहे. हा गृहस्थ १५३४ साली गोव्यात आला आणि इथल्या झाडपाल्यावर त्याने पुस्तक लिहिले. ते १५६३ साली गोव्यातच छापले गेले. आंबा, फणस, नारळ, सारे त्यात आहे. तिथे बाकावर जरा बसा आणि आपल्या परसाकडे मनाने नजर टाका. काजू पोर्तुगिजांनी ब्राझीलमधून आणला. मिरची, अननस, पपई हीही त्यांच्याच गलबतांतून आली. बटाटा, पाव, चावी, पगार हे शब्द त्यांचेच. आणि ज्या हापूसवर आपली पोरे शिकतात, त्याला अफोन्सो द अल्बुकर्क याचे नाव पडले असे मानतात. त्याने १५१० साली गोवे घेतले. कलमे बांधून आंब्याची एकेक जात जशीच्या तशी राखण्याचा उद्योग गोव्यातल्या जेझुइट पाद्र्यांनी केला. राज्यकर्ते म्हणून त्यांनी जुलूमही पुष्कळ केला, तोही विसरायचा नाही. १९ डिसेंबर १९६१ रोजी त्यांचे राज्य संपले.

मळा भागात, म्हणजे फोंतेन्यसमध्ये, पिवळी, निळी, तांबडी घरे आहेत. जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पापुद्रे बसवलेले दिसतील. मात्र तिथे माणसे राहतात. आपल्या खळ्यात कुणी न विचारता शिरून फोटो काढू लागला, तर आपल्याला कसे वाटेल?

जुन्या गोव्याला एक सकाळ ठेवा. बॉम जेझुसचे चर्च १६०५ साली पूर्ण झाले. त्याच्या भिंती पाहून रत्नागिरीकर हसेल, कारण तो आपलाच जांभा! वरचा गिलावा विसाव्या शतकात काढला, तेव्हापासून तो चिरा पावसाने झिजतो आहे. घराच्या उघड्या जांभ्याला गिलावा करावा की नाही, हे ज्यांच्या घरी चालले आहे त्यांनी जवळ जाऊन पाहावे. तिथेच एला येथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे. खारवट जमिनीत येणाऱ्या ‘गोवा धान’ या भाताच्या जाती याच संस्थेच्या. कामाच्या दिवशी, आधी विचारून जा.

नंतर धक्क्यावरून फेरीबोटीने दिवाडी बेटावर जा. पायी माणसाला तिकीट पडत नाही. मांडवीच्या काठाने खाजणे आहेत. बांधात ‘मानस’ नावाचे दार असते. भरतीच्या पाण्याच्या दाबाने ते आपोआप मिटते, ओहोटीला उघडते आणि शेतातले पाणी बाहेर जाते. वीज नको, पंप नको. पण बांधाला भगदाड पडले, की एकाचे नव्हे, साऱ्यांचे भात जाते. म्हणून बांधाची राखण पूर्वी गावकरीकडे, म्हणजे गावाच्या सामाईक संस्थेकडे असे. आपल्या खाडीकाठी खारबंदिस्ती फुटून पडीक झालेली शेते ज्यांना ठाऊक आहेत, ते त्या दारापाशी बराच वेळ रेंगाळतील.

आता स्पष्ट बोलतो. ‘गोवा’ म्हटले की घरात कपाळाला आठ्या पडतात, आणि त्याला कारण पुरुषमंडळीच आहेत. खोलीत बाटल्या घेऊन बसायचे तर गावचा माळ काय वाईट होता? येताना पिशवीतून दारू आणण्याचा शहाणपणा तर नकोच. परवान्याशिवाय ती महाराष्ट्रात आणणे गुन्हा आहे.

आणि भगिनींनो, बचत गटातल्या चारजणी मिळून तुम्हीही निघा. “जनावरांना कोण बघणार, चूल कोण पेटवणार?” हा प्रश्न येणारच. घरातल्या बाप्यांना तीन दिवस पेज आणि कालवण जमेल. न जमल्यास उपाशी कुणी राहत नाही. आंबा निवडायला, पेट्या भरायला, काजूबी वेचायला वैशाख उन्हात तुम्हीच असता, तेव्हा तुमच्याशिवाय चालत नाही हे सगळ्यांना पटते. मग तीन दिवस तुमच्याशिवाय चालवून पाहू दे. यंदा या चार घरच्या बायका गेल्या तर दूध काढायला उरलेल्या चार घरांनी यावे. पुढच्या वर्षी पाळी बदलावी. गटाच्या बैठकीत हे आजच ठरवता येईल, आणि महिना थोडे थोडे बाजूला टाकले तर गाडीभाड्याचा बोजा वाटणार नाही.

सकाळी लवकर उठलात तर पणजीच्या गल्लीत सायकलवरच्या पोदेराचा भोंगा ऐकू येईल. कोंडा लावलेली त्याची पोई गरम असतानाच खावी. पूर्वी तिच्या पिठात माडी घालून ते फुगवत. परतीच्या दिवशी घरच्यांसाठी डझनभर बांधून घ्या, संध्याकाळच्या चहाला पुरतील.