आधी केबल काढा

देवगड-जामसंडे भागातून गेल्या दोन महिन्यांत या मासिकाकडे आलेली पत्रे शेजारी शेजारी ठेवली, तर सगळ्यांत एकच मशीन आहे असे वाटावे. पंखा फिरतो, बोर्डाच्या कंपनीचा लोगो पडद्यावर येतो आणि तिथेच थांबतो. डिलीट दाबा, एफ-१२ दाबा, बायोस उघडत नाही. विंडोज उडाली असेल म्हणून पेनड्राइव्ह लावावा, तर तोही उचलला जात नाही. मग निदान होते, बोर्ड गेला. गिऱ्हाइकाच्या हातात नव्या मशीनचे कोटेशन पडते.

यातल्या बऱ्याच मशीनचा बोर्ड ठणठणीत असतो. पाच-सहा वर्षांपूर्वी एसएसडी बसवताना ‘राहू दे डी ड्राइव्ह म्हणून’ असे म्हणत केसमध्ये तशीच सोडलेली ५०० जीबीची जुनी हार्ड डिस्क मशीनला अडवून धरते. विंडोज तिच्यावर नसते, तरी ती बूट होऊ देत नाही. हे इतक्या वेळा घडूनही दुकानात पहिला हात स्क्रूड्रायव्हरकडे न जाता विंडोजच्या पेनड्राइव्हकडे जातो. या अंकाची तक्रार तीच आहे, आणि ती आपल्याच धंद्यातल्या माणसांविरुद्ध आहे.

जामसंड्यातल्या एका बागायतदाराचे मशीन मे महिन्यात असेच अडकले. आंब्याचा हंगाम उताराला लागलेला, वाशीच्या बाजारातून विक्रीच्या काही पट्ट्या यायच्या बाकी, फवारणीच्या औषधांची उधारी आणि गड्यांची मजुरी सगळी टॅलीत. संध्याकाळी वीज दोन-तीनदा आली-गेली आणि मशीन लोगोवर बसले. पहिल्या दुकानात ते चार दिवस राहिले. रॅम बदलून पाहिली, एसएमपीएस बदलला, बायोसचा सेल काढून घातला. शेवटी एसएसडी दुसऱ्या मशीनला लावून फॉरमॅट मारली, नवी विंडोज टाकली आणि परत बसवली. लोगो तिथेच.

दुसऱ्या दुकानातल्या पोराने बाजूचे झाकण उघडले आणि आधी नुसते ऐकले. डिस्क फिरायला लागायची, दोनदा टक्-टक् व्हायचे, मोटर मंदावायची, पुन्हा पहिल्यापासून तेच. त्याने प्लग काढला, त्या डिस्कची डेटा केबल आणि पॉवर दोन्ही सोडवली, मशीन लावले. अर्ध्या मिनिटात डेस्कटॉप आला. मालक स्टुलावर बसून होते. ते म्हणाले, ‘बाबू, माका माझो हिशोब व्हयो. काम्प्युटर नसलो तरी चलात.’

टॅलीचा डेटा डी ड्राइव्हवर, म्हणजे त्या टकटकणाऱ्या डिस्कवर होता. हंगामातल्या पट्ट्यांचे स्कॅन डेस्कटॉपवर, म्हणजे पुसलेल्या एसएसडीवर. हार्ड डिस्कवरचे पुसलेले बरेचदा परत काढता येते. एसएसडीवर ट्रिम चालली की तिथे शोधायला सहसा काही उरत नाही. डिस्कवरचा डेटा नंतर प्रयत्नाने निघाला, स्कॅन गेले ते गेलेच, आणि ते दुकानदाराच्या हाताने गेले. एक केबल काढून पाहायला दोन मिनिटे लागली असती.

डिस्कला वीज मिळाली की तिने मोटर फिरवायची, प्लॅटरवरच्या राखीव भागातून स्वतःचे फर्मवेअर वाचायचे आणि मग ‘तयार आहे’ असे बोर्डाला कळवायचे. हेड थकले, तो राखीव भाग वाचता येईना, की ती ‘व्यस्त’ एवढेच सांगत राहते. काही बोर्ड अर्ध्या-एक मिनिटाने तिचा नाद सोडतात, काही सोडतच नाहीत. म्हणून बायोससुद्धा उघडत नाही. डिस्क एवढी बिघडलेली नसेल तर मशीन बायोस ओलांडते आणि विंडोजच्या गोल फिरणाऱ्या ठिपक्यांवर दहा मिनिटे बसते. अशा मशीनच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ७, १२९ आणि १५३ हे क्रमांक रांगेने सापडतात. विंडोज पुन्हा टाकून ते जाणार नाहीत.

डेटा केबल काढून फक्त पॉवर ठेवली तरी बरेच कळते. तेवढ्यावरच मशीन मुळीच चालू होत नसेल, पंखा टिचकीभर फिरून थांबत असेल, तर बहुधा डिस्कच्या पीसीबीवरचा संरक्षक डायोड शॉर्ट आहे. दोन्ही केबल लावल्यावरच अडत असेल तर आधी केबल बदला. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये सी७ चा आकडा वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा किंवा पोर्टचा. ०५ आणि सी५ वाढत असतील तर डिस्कचा. पत्र लिहिणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी हे आकडे कळवले. ‘हेल्थ ६० टक्के दाखवते’ एवढ्यावरून कोणी काय सांगायचे?

उलट बाजूचा सापळाही तितकाच नेहमीचा. जुनी डिस्क काढली आणि ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असा संदेश आला, की तंत्रज्ञ घाबरून ती परत लावतो. एसएसडीवर विंडोज टाकताना जुनी डिस्क जोडलेलीच होती, म्हणून इन्स्टॉलरने बूट मॅनेजर तिच्यावरच्या आधीच्या सिस्टम पार्टिशनमध्ये ठेवला. विंडोज एकीकडे, तिची किल्ली दुसरीकडे. हे आपणच केलेले असते. एसएसडीवर छोटे ईएफआय पार्टिशन करून बीसीडीबूट चालवले की प्रश्न मिटतो, फॉरमॅटची गरज नाही. आणि यापुढे विंडोज टाकताना बाकीच्या सगळ्या डिस्कच्या केबल काढून ठेवा. नव्या विंडोज ११ च्या मशीनवर बायोसमध्ये काही बदलण्याआधी बिटलॉकर चालू आहे का पाहा आणि ४८ अंकी रिकव्हरी की गिऱ्हाइकाकडे असल्याची खात्री करा. ती नसेल तर सेटिंग पूर्ववत करूनही दार उघडेलच असे नाही.

देवगडची हवा हा वेगळा विषय आहे. किल्ल्याच्या आणि पवनचक्क्यांच्या बाजूला चार वर्षे चाललेल्या केसचे मागचे स्क्रू आणि समुद्रापासून आत असलेल्या शिरगावात तेवढीच वर्षे चाललेल्या केसचे स्क्रू शेजारी ठेवून पाहावेत. हार्ड डिस्क हवाबंद नसते, हीलियमवाल्या मोठ्या डिस्क सोडल्या तर झाकणावर श्वासाचे भोक असते. आत गाळणी आहे, पण पीसीबीच्या खालच्या अंगाला असलेल्या संपर्काच्या टिकल्यांना गाळणी नाही. हेडकडे जाणारे सगळे सिग्नल याच टिकल्यांतून जातात. खारी, दमट हवा लागून त्या काळ्या पडतात आणि डिस्क टकटकू लागते. टी-६ टॉर्क्सने पीसीबी सोडवा, टिकल्या पेन्सिलीच्या खोडरबराने हलकेच घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या. वेस्टर्न डिजिटलच्या साडेतीन इंची डिस्कमध्ये हा आजार ओळखीचा आहे, आणि तेवढ्यावर ती काही तास नीट चालली तरी डेटा हाती लागतो. टिकल्या स्वच्छ असूनही टकटक थांबली नाही तर पुन्हा पुन्हा वीज देऊ नका. हेड प्लॅटरवर घासत असेल तर प्रत्येक चालूबंदला डेटा खरवडला जातो. ती डिस्क पॅक करून मुंबई-पुण्याच्या क्लीन रूम असलेल्या प्रयोगशाळेकडेच जायला हवी.

तसाच नंबर असलेला दुसरा पीसीबी लावून पाहण्याची सवयही सोडा. बहुतेक डिस्कमध्ये त्या पीसीबीवरच्या छोट्या रॉम चिपमध्ये त्याच डिस्कची मोजमापे असतात. चिप हलवल्याशिवाय बोर्ड बदलणे निरुपयोगी. डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवण्याचा उपाय अजून कोणीतरी कोणाला तरी सांगतो. कोकणातल्या दमटपणात ती बाहेर काढताच आत दव धरते, आणि प्लॅटरवर पाणी असताना हेड फिरले की प्रयोगशाळेलाही करण्यासारखे काही उरत नाही.

विजेबद्दल वेगळे सांगायला नको. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळानंतर सिंधुदुर्गातली किती गावे दिवसच्या दिवस अंधारात होती, ते सगळ्यांनी पाहिले. पण डिस्कला अंधारापेक्षा लुकलुक जास्त मारते. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर सुमारे दोन अँपिअर ओढते. थकलेला स्वस्त एसएमपीएस तिथेच दबतो, वीज गेली की हेडला फिरत्या मोटरच्या उरल्या जोरावर घाईने मागे यावे लागते, आणि पाच मिनिटांत हे चारदा होते. यूपीएसची बॅटरी फुगलेली असूनही ‘चालतेय ना’ म्हणून ती तशीच ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाला हे समजावून सांगणे आपले काम आहे.

आता प्रत घेण्याबद्दल. संशयित डिस्क मशीनला लागली की विंडोज स्वतःहून चेकडिस्क सुरू करायला बघते. ती थांबवा. चेकडिस्क फाइल सिस्टम दुरुस्त करण्यासाठी डिस्कवर लिहिते. आजारी डिस्कवर लिहिल्यावर गिऱ्हाइकाच्या फाइल फाउंड.००० नावाच्या फोल्डरमध्ये नाव-गाव हरवून पडतात. रीजनरेटर नावाची सॉफ्टवेअरेही प्रत हातात आल्याशिवाय लावू नका. लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू चालवा. ते आधी सहज वाचता येणारे सगळे उचलते आणि अडलेल्या जागांवर शेवटी परत येते. मॅपफाइल दिली असेल तर मध्येच वीज गेली तरी काम जिथे थांबले तिथून पुढे सुरू होते. देवगडसारख्या ठिकाणी एवढ्या एका कारणासाठी ते शिकून घ्यावे. धड ५०० जीबी डिस्क दीड-दोन तासांत उतरते, आजारी डिस्क रात्र घेते. गिऱ्हाइकाला ते आधी सांगा.

फाइल काढताना फक्त डॉक्युमेंट्स उचलून थांबणारेही बरेच आहेत. टॅलीचा डेटा १०००० सारख्या नुसत्या आकड्यांच्या नावाच्या फोल्डरमध्ये असतो, तो शोधा. आणि छापखाना, झेरॉक्सवाला, दस्तलेखक यांची डिस्क असेल तर फॉन्ट्सचे फोल्डर विसरू नका. श्रीलिपी किंवा आयएसएमवर वीस वर्षे टाइप केलेल्या लग्नपत्रिका आणि खरेदीखतांचे मसुदे युनिकोड नाहीत. त्या फॉन्टशिवाय फाइल उघडली तर रोमन अक्षरांची खिचडी दिसते आणि गिऱ्हाइकाला वाटते डेटा खराब झाला. अशी माणसे जुनी डिस्क सोडत नाहीत ती हट्टाने नव्हे. त्यांचे जुने सॉफ्टवेअर, डोंगल आणि एक्सपी त्याच डिस्कवर जिवंत असतात.

सरकारी दारातली अडचण निराळी आहे. एका माध्यमिक शाळेच्या संगणक कक्षात काही मशीन केवळ बिघडलेल्या डिस्कमुळे बंद पडून आहेत. तंत्रज्ञ केबल काढून दाखवतो, मशीन पेनड्राइव्हवर चालते, पण डिस्क काढू देत नाहीत. कारण संगणकाची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला आहे, आणि निर्लेखन झाल्याशिवाय त्यातला भाग बाहेर जाऊ शकत नाही. निर्लेखनासाठी प्रस्ताव, प्रस्तावासाठी तपासणी, तपासणीसाठी मशीन ‘दुरुस्तीपलीकडे’ असल्याचा दाखला. मशीन दुरुस्तीपलीकडे नाही, म्हणून दाखला मिळत नाही. दाखला नाही म्हणून दुरुस्ती होत नाही. तोवर मुलांचे एक वर्ष निघून जाते.

ग्रामपंचायतींच्या नोंदवह्यांत नमुना १५ उपभोग्य वस्तूंचा आणि नमुना १६ जडवस्तूंचा आहे. टोनर १५ मध्ये जातो, संगणक १६ मध्ये. हार्ड डिस्क, एसएमपीएस, रॅम आणि सेल हे झिजणारे, बदलायचेच भाग आहेत. त्यांची जागा उपभोग्य वस्तूंच्या नोंदीत आहे, असे शिक्षण आणि ग्रामविकास या दोन्ही विभागांनी एका परिपत्रकाने स्पष्ट करावे. काढलेली डिस्क कार्यालयानेच सीलबंद ठेवावी. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुलांची नावे, जन्मतारखा आणि आधार क्रमांक असलेली डिस्क भंगारात किंवा वॉरंटीच्या बदल्यात बाहेर जाणे यापुढे कोणालाच परवडणारे नाही. एवढे एक पान कागद काढायला किती वर्षे लागतात?

हे सगळे आत्ताच लिहिण्याचे कारण भाव. २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिपा एआयच्या डेटा सेंटरांकडे वळल्या, डिसेंबरमध्ये मायक्रॉनने क्रूशियल हा किरकोळ ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचे जाहीर केले, आणि एसएसडी-रॅमचे भाव चढले. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहेच. नवे मशीन घेणे गिऱ्हाईक पुढे ढकलते आणि कपाटातली जुनी हार्ड डिस्क पुन्हा केसमध्ये येते. या पावसाळ्यात अशी मशीन वाढणार.

तेव्हा मित्रांनो, उद्या सकाळी दुकान उघडल्यावर पहिले काम हे करा. एक लाइव्ह पेनड्राइव्ह तयार ठेवा, प्रतींसाठी दोन टीबीची एक चांगली डिस्क बाजूला काढा, आणि जॉब कार्डवर ‘फॉरमॅट करण्यास संमती’ या ओळीच्या वर ‘प्रत घेतली: हो/नाही’ ही ओळ छापून घ्या. ज्या दुकानात ही ओळ रिकामी ठेवून फॉरमॅट होते, त्या दुकानात कारागिराला जाब विचारा, मालक असाल तर स्वतःला विचारा. शेजारच्या दुकानदाराला डीडीरेस्क्यू येत नसेल तर एक रविवार काढून शिकवा. तो स्पर्धक असला तरी त्याच्याकडे गेलेला हिशोब तुमच्याच गावातल्या माणसाचा आहे.

आणि नारळी पौर्णिमेपर्यंत अडलेल्या प्रत्येक डिस्कची नोंद या मासिकाकडे पाठवा. मॉडेल, तयार झाल्याचा महिना, ०५, सी५ आणि सी७ चे आकडे, घर समुद्रापासून किती लांब, यूपीएस होता का, आणि पीसीबीच्या टिकल्यांचा जवळून काढलेला एक फोटो. गिऱ्हाइकाचे नाव नको. दिवाळीच्या आधीच्या अंकात त्या सगळ्या नोंदी एकत्र छापल्या जातील.